लोहाची खूण

एमआरआयच्या खोलीबाहेर, कपडे बदलायच्या जागेपाशी, आमच्याकडे एक प्लास्टिकचा ट्रे असतो. दिवसभरात त्यात काय काय जमा होतं ते पाहण्यासारखं असतं: कानातली, जोडवी, केसांतले आकडे, निऱ्यांची सेफ्टी पिन, किल्ल्यांचा जुडगा, दंडावरचा ताईत, चुकून खिशात राहिलेलं नाणं. मंगळसूत्रापाशी मात्र गाडी अडते. सोनं लोहचुंबकाला चिकटत नाही, हे बायका आम्हालाच समजावून सांगतात, आणि ते खरंही आहे. पण काळे मणी ओवलेली तार कशाची आहे हे फक्त सराफाला ठाऊक, आणि न चिकटणारा धातूसुद्धा चित्राची वाट लावतो. खरगोनहून आलेल्या एक काकू या सगळ्याला पुरून उरल्या. त्यांनी घरूनच दोऱ्यात हळकुंड बांधून आणलं होतं. मंगळसूत्र उतरवून लेकीच्या हातात दिलं, हळकुंड गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "आता न्या कुठे न्यायचं ते."

सगळं लोखंड बाहेर ठेवून माणूस आत जातो, आणि तरी लोखंड घेऊनच जातो. मोठ्या माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असतं, त्यातलं बरंचसं रक्ताच्या लाल रंगात. ते रक्तवाहिनीतून वाहत असतं तोवर त्याची वेगळी दखल घ्यायचं कारण नाही. पण हेच रक्त मेंदूत सांडलं आणि तिथेच जिरलं, तर त्यातलं लोह मागे राहतं. माणूस ती डोकेदुखी विसरतो, यंत्राला ती वर्षानुवर्षांनीही दिसते. पुढच्या पानांत ज्या विकारांची माहिती आहे, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जन्मजात किंवा पुढे उद्भवलेल्या विकृत रचना, त्यांचं निदान पुष्कळ वेळा या खुणेवर उभं असतं.

हे पुस्तक रेडिओलॉजिस्टसाठी नाही. त्यांच्यासाठी जाडजूड ग्रंथ आहेत. हे आहे रिपोर्ट हातात घेऊन जिन्यात उभ्या राहिलेल्या माणसासाठी, आणि त्याच्या फॅमिली डॉक्टरसाठी. इंदूरमध्ये १८७८ पासून डॉक्टर घडवले जातात. किंग एडवर्ड मेडिकल स्कूलपासून १९४८ च्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, आणि आता तर खासगी कॉलेजंही आहेत. धार, झाबुआ, बडवानी, खंडवा, बुऱ्हाणपूर हे सगळे इथे येतातच. सेंधव्याचा घाट चढून धुळे-नंदुरबारचे लोकही येतात, कारण मुंबईपेक्षा इंदूर जवळ. एकाच बाकावर निमाडी, भिली, अहिराणी आणि होळकरांच्या काळापासून इथे मुरलेली आमची हिंदीमिश्रित मराठी अशी सगळी बोलणी ऐकू येतात. पण रिपोर्ट मिळतो इंग्रजीत. त्यातला एखादा शब्द कुणीतरी मोबाइलवर शोधतो, आणि त्या रात्री घरात कुणी झोपत नाही.

आधी रचना समजून घेऊ. हृदयाकडून येणारी धमनी जोराच्या दाबाने रक्त आणते. तिला फाटे फुटत फुटत केसांहून बारीक केशवाहिन्या होतात, तिथे दाब मोडतो, रक्त मेंदूला प्राणवायू देतं आणि मग पातळ भिंतीच्या शिरांतून निवांत परत जातं. इंदुरी माणसाला हे नर्मदेच्या पाण्यावरून चटकन कळतं. १९७८ पासून आपल्या शहराला सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पाणी येतं. ते पंपांनी चढवून मोठ्या नळांतून आणतात, टाक्यांत घेतात, गल्लीच्या लायनीत सोडतात, आणि मग आपल्या तोटीला येतं. समजा, टाकी आणि गल्लीची लायन मध्ये न घेता कुणी तो मोठा नळ थेट सांडपाण्याच्या गटाराला जोडला तर? आजूबाजूची घरं कोरडी राहतील, आणि गटार एक दिवस फुटेल. आर्टिरिओ-व्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एव्हीएम, ते हेच. धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट शिरांना मिळतात, मध्ये एक गुंतवळ तयार होते, आणि धमनीचा दाब सोसायला न घडलेल्या शिरा तो दाब वर्षानुवर्षं सोसत राहतात.

१९६६ साली विल्यम मॅककॉर्मिक या पॅथॉलॉजिस्टने अशा विकृतींचे चार प्रकार मांडले. ती वर्गवारी थोड्या फार डागडुजीसह आजही चालते. एव्हीएम झालं. दुसरा कॅव्हर्नोमा: पातळ भिंतींच्या फुगीर पोकळ्यांचा घोस, ज्यात रक्त जवळजवळ साचून असतं आणि मध्ये मेंदूचा भाग नसतो. तिसरा डीव्हीए, म्हणजे वेगळ्या घडणीची शीर. चौथा केशवाहिन्यांचा विस्तार, जो बहुधा मेंदूच्या देठात, दुसरंच काही शोधताना सापडतो आणि तसाच सोडून द्यायचा असतो. त्याच्यावर पुस्तकात अर्धं पान आहे, तेवढं पुरे.

या चारांपैकी एव्हीएमची कथा जुनी आहे. लिस्बनच्या एगास मोनिझने १९२७ मध्ये मानेतल्या धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहिला एक्स-रे काढला. त्या अँजिओग्राफीच्या आजच्या रूपाला डीएसए म्हणतात. मी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलच्या, म्हणजे आपल्या एम.वाय.च्या, व्हरांड्यात शिकत होतो तेव्हा मेंदूचं असं काम निघालं की बहुतेकांचा रस्ता ठरलेला: संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस, मुंबईतला कुणीतरी नातेवाईक, आणि मोठ्या हॉस्पिटलातली तारीख. अँजिओग्राफीत वाहतं रक्त दिसतं. कॅव्हर्नोमात ते वाहतच नाही. म्हणून रुग्णाला झटके यायचे, कधी रक्तस्रावही व्हायचा, आणि अँजिओग्राफी मात्र स्वच्छ निघायची. अशांना पुस्तकांत 'अँजिओग्राफीला न दिसणाऱ्या विकृती' असं नाव होतं. न दिसण्यावरूनच नाव पडलं होतं.

१९७१ मध्ये हौन्सफिल्डच्या सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला आणि निदान काहीतरी पांढुरकं दिसायला लागलं. खरा पडदा उघडला तो एमआरआयने. भारतात पहिलं यंत्र १९८६ च्या सुमारास दिल्लीत, संरक्षण खात्याच्या इन्मास या संस्थेत आलं. १९८८ मध्ये डॅनिएल रिगामॉन्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅव्हर्नोमाच्या रुग्णांचे एमआरआय मांडले, आणि बऱ्याच रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी हाच विकार असल्याचं दाखवलं. दुर्मिळ समजला जाणारा हा विकार दुर्मिळ नव्हताच. आज आपण दोनशे माणसांत साधारण एक असं प्रमाण धरतो, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही.

कॅव्हर्नोमा एमआरआयवर कसा दिसतो, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मधोमध पांढऱ्या-करड्या कप्प्यांचा फुगलेला गोळा आणि त्याभोवती शाईने आखावं तसं काळं कडं. इंग्रजी पुस्तकं त्याला मक्याच्या लाहीची उपमा देतात, कुणी शहतूताची. भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या गावाला मक्याची उपमा पटायला वेळ लागत नाही. पण माझ्या लेखी महत्त्वाचं आहे ते कडं. कॅव्हर्नोमातून रक्त थोडं थोडं झिरपत राहतं. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते खातात, लोह तेवढं पचत नाही, आणि ते हिमोसिडेरिनच्या रूपात भोवती साचतं. लोखंडी बादली ओट्यावर ठेवून विसरलो की खाली गंजाचं वर्तुळ उमटतं ना, तसंच.

रक्त आणि लोहचुंबक यांचं नातं १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी मोजून दाखवलं होतं. प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूर सरतं, प्राणवायू देऊन बसलेलं त्याच्याकडे किंचित ओढलं जातं. ते शुद्ध रसायनशास्त्र होतं, रुग्णाचा तिथे संबंधही नव्हता. साठ वर्षांनी मार्क हाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकालाच चित्रात उतरवणारी पद्धत बसवली. २००४ पासून तिला ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग, थोडक्यात एसडब्ल्यूआय, म्हणतात. याआधीचा ग्रेडियंट इको हा सीक्वेन्स हेच काम जरा जाडसर करायचा. लोहाचा कण जवळच्या चुंबकीय क्षेत्राला सुरकुती पाडतो, त्या सुरकुतीत सिग्नल विझतो, आणि चित्रात काळा ठिपका उमटतो. कण असतो त्याहून ठिपका मोठा दिसतो. म्हणून कॅव्हर्नोमाचं माप एसडब्ल्यूआयवर घ्यायचं नसतं. घेणारे घेतात, आणि मग सहा महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर तो 'वाढला' म्हणून घरात रडारड होते.

सांडलेल्या रक्ताचं वयही यंत्राला कळतं. गुडघा आपटला की डाग आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा होतो; मेंदूतलं रक्तही असंच रसायन बदलत जातं. पहिले काही तास एक रूप, एक-दोन दिवसांनी दुसरं, तीन दिवसांनंतर मेथहिमोग्लोबिन झालं की टी-१ चित्रात लख्ख पांढरं, आणि काही आठवड्यांनी उरतं ते काळं कडं. एकाच गोळ्यात ही सगळी रूपं एकत्र दिसली, तर इथे एकदा नव्हे, अनेकदा झिरपलं आहे, असं आम्ही समजतो.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. त्याच्या पोटात द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेल्या, उणे २६९ अंशांच्या आसपास थंड केलेल्या तारांचं वेटोळं असतं. इतक्या थंडीत तारेला विजेचा विरोध उरत नाही, म्हणून एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. स्कॅन नसतानाही, दिवे मालवल्यावरही, रविवारीसुद्धा चुंबक चालूच असतो. ही अतिथंडीची विद्या इंदूरला परकी नाही. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या आपल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत, आणि हेलियम द्रवरूप करणारं देशी बनावटीचं यंत्रही तिथल्या शास्त्रज्ञांनी उभं केलं. शहरातल्या बहुतेकांना 'कॅट', म्हणजे हेच केंद्र, दक्षिणेकडची एक मोठी कंपाउंड वॉल एवढंच माहीत असतं.

नेहमीचा चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचा. तीन टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठेक हजार पट. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू दीड टेस्लाला सेकंदाला सुमारे ६.४ कोटी गिरक्यांच्या सुरात डोलतात, तीन टेस्लाला त्याच्या दुप्पट. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर वाजतो. एमआरआयचं एक यंत्र त्याच्या जरा खाली गातं, दुसरं जरा वर. खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा असतो तो बाहेरचा रेडिओ आत येऊ नये म्हणून. आतला ठणठणाट मात्र आतलाच. रंगपंचमीच्या गेरीत डोकं ढोलाच्या आत अडकलं तर कसं वाटेल, तसं. कानात कापूस आणि वर हेडफोन देतात, ते नाकारू नये. आणि प्राणवायूचा सिलिंडर घेऊन रुग्णासोबत घाईने आत शिरू नये, मग दारात कुणी काहीही म्हणो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात याच घाईत एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला.

आता माळव्याकडे येतो, कारण परदेशी पुस्तकात हा भाग नसतो. आपल्याकडे तरुण माणसाला पहिल्यांदा झटका आला आणि मेंदूत एक छोटा ठिपका सापडला, तर डॉक्टरच्या मनात कॅव्हर्नोमा सगळ्यात शेवटी येतो. आधी येते पोटातल्या पट्टकृमीची मेंदूत जाऊन बसलेली अळी, आणि क्षयाची गाठ. एके काळी असे सगळे ठिपके क्षयाचे समजून वर्षभर गोळ्या चालायच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या आसपास दाखवून दिलं, की भारतातल्या अशा एकुलत्या छोट्या ठिपक्यांपैकी बहुतेक कृमीचे असतात आणि पुष्कळदा आपोआप विरतात. त्यामुळे हजारो लोकांच्या गोळ्या सुटल्या. पण मरून गेलेली अळी चुना होऊन मागे राहते, आणि चुना एसडब्ल्यूआयवर काळाच दिसतो. लोहही काळं. मग ओळखायचं कसं?

इथे माझी एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी, एका सेंटरवर असताना, नंदुरबारकडचा एक तरुण आला होता. एक झटका, डाव्या बाजूला एक ठिपका, सीटीत पांढरा. आम्ही नेहमीचे सीक्वेन्स काढले. ग्रेडियंटला चार मिनिटं जास्त लागतात आणि बाहेर रांग होती, म्हणून तो टाळला. मी लिहून टाकलं, जुन्या कृमीचा चुना. चार वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा ठिपक्याचा गोळा झाला होता, भोवती काळं कडं, आत ताजं रक्त. कॅव्हर्नोमाही कधी कधी चुना धरतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. तो वाचला, शस्त्रक्रियाही नीट झाली, पण उजव्या हाताने सही करताना अजून पेन थांबतं. मला राग येतो तो चुकीपेक्षा त्या चार मिनिटांचा.

आज याला उत्तर आहे. एसडब्ल्यूआयबरोबर फेज नावाचं एक करडं, दिसायला कंटाळवाणं चित्र तयार होतं. चुना आणि लोह चुंबकीय क्षेत्राला विरुद्ध दिशांना वाकवतात, म्हणून फेजमध्ये एक पांढरा निघाला तर दुसरा काळा निघतो. कुठला पांढरा, हे यंत्राच्या कंपनीवर ठरतं. म्हणून आधी त्याच चित्रात एखादी ओळखीची शीर शोधायची आणि मग ठिपक्याकडे वळायचं. हे चित्र फिल्मवर जवळजवळ कधीच छापलं जात नाही. आणि असे काळे ठिपके एकाऐवजी पाच-दहा दिसले, तर मामा, मावशी, आजोबा यांच्यापैकी कुणाला झटके यायचे का, हे विचारायचं. केआरआयटी-१ हे जनुक आणि त्याची दोन भावंडं बिघडली तर कॅव्हर्नोमा पिढ्यान्‌पिढ्या चालतात. लग्नाच्या वयाच्या मुलीसमोर हा प्रश्न विचारला की घर एकदम गप्प होतं. मिरगी आपल्याकडे अजून लपवायची गोष्ट आहे. तरी विचारावाच लागतो, आणि शक्यतो आईला बाजूला घेऊन.

एव्हीएमच्या बाबतीत एमआरआय उलट्या पद्धतीने बोलतो. तिथे रक्त इतकं वेगात असतं, की यंत्राने एका पातळीत साद घातली आणि प्रतिसाद ऐकायला कान दिला, तोवर ते रक्त पुढे निघून गेलेलं असतं. त्यामुळे गुंतवळ काळ्या गांडुळांच्या वेटोळ्यासारखी दिसते; रक्ताची अनुपस्थिती हीच त्याच्या वेगाची साक्ष. टाइम ऑफ फ्लाइट या पद्धतीत नवं, ताजं शिरलेलं रक्त उजळ दिसतं आणि औषध न टोचता धमन्यांचा नकाशा मिळतो. पण ताज्या रक्तस्रावातलं मेथहिमोग्लोबिनही तिथे उजळतं, आणि अनुभव नसलेला माणूस सांडलेल्या रक्तालाच रक्तवाहिनी समजतो. एएसएल नावाची आणखी एक पद्धत मानेतल्या रक्तावर चुंबकीय खूण करून ती कुठे पोचते ते पाहते. खूण केशवाहिन्यांत न थांबता सरळ शिरेत चमकली, तर मध्ये कुठेतरी आडवाट आहे.

एवढं सगळं असूनही एव्हीएमचा शेवटचा शब्द अजून डीएसएचाच. रक्त कुठून येतं, कुठे जातं, कुठल्या क्षणी जातं, हे एमआरआय त्या बारकाईने सांगत नाही, आणि जो सांगतो असा दावा करेल त्याच्याकडून दुसरं मत घ्या. एमआरआय काय सांगतो, तर गुंतवळ मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागात बसली आहे. स्पेट्झलर आणि मार्टिन यांची १९८६ ची श्रेणी आजही सर्जन बोटांवर मोजतात: आकार तीन सेंटिमीटरच्या आत, तीन ते सहा, की त्याहून मोठा, जागा बोलण्या-चालण्या-पाहण्याची आहे का, रक्त खोलवरच्या शिरांत उतरतं का. यातलं दुसरं उत्तर जवळजवळ पूर्णपणे एमआरआय देतो.

भाषेची जागा शोधायला फंक्शनल एमआरआय करतात. रुग्ण आत पडून शब्द आठवतो आणि मेंदूतला कामाला लागलेला भाग उजळतो. इंदूरात इथे एक गंमतीचा पेच असतो. शब्द कुठल्या भाषेत आठवायला सांगायचे? घरी मराठी, दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी. मी आईच्या भाषेतून सुरुवात करतो, मग हिंदी घेतो. उजळलेले भाग बरेचसे एकमेकांवर बसतात, पण अगदी एकच नसतात. आणि एव्हीएमच्या शेजारी रक्ताचा हिशेबच बिघडलेला असल्यामुळे हा उजेड फसवाही असू शकतो. तिथे भाग विझलेला दिसला म्हणजे तो रिकामा आहे, असं समजून सुरी चालवू नये.

रक्तस्राव होऊन माणूस बेशुद्ध आला तर पहिला सीटी, एमआरआय नव्हे. सीटीला काही सेकंद लागतात, आणि ताजं रक्त त्यात लख्ख दिसतं. गुठळी मोठी असेल तर तिच्या दाबाखाली छोटी गुंतवळ मिटून जाते आणि पहिल्या तपासण्यांत काहीच सापडत नाही. म्हणून रक्त जिरल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, पुन्हा बोलावतात. पेशंट तेव्हा चालू-फिरू लागलेला असतो, शेतात पेरणी असते, आणि कुणी येत नाही. ती दुसरी भेट चुकवू नये.

आता या पुस्तकाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो: सापडलेलं सगळं काढून टाकायचं नसतं. डीव्हीए हे त्याचं उत्तम उदाहरण. कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती उलट्या छत्रीसारखी दिसते, बारीक काड्या एका जाड दांड्याला मिळालेल्या. चित्र भयंकर, प्रत्यक्षात बिनधोक. मेंदूच्या निरोगी भागाचं रक्त त्याच शिरेने परत जातं. ती काढली तर तो भाग सुजून मरतो. शेजारी कॅव्हर्नोमा असला आणि तो काढायचा ठरला, तरी सर्जन ही शीर जपतो. रिपोर्टात 'व्हीनस अँजिओमा' हे तिचं जुनं नाव दिसलं की 'अँजिओमा' शब्दाने लोक गाठ समजतात. मी ते नाव वापरणं सोडून दिलंय, इतरांनीही सोडावं.

न फुटलेल्या एव्हीएमचा प्रश्न अवघड आहे. वर्षाला शंभरात दोन ते चार असा फुटण्याचा धोका सांगतात. अरुबा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. २२३ रुग्ण, सरासरी तेहतीस महिने: फक्त औषधांवर ठेवलेल्यांत पक्षाघात किंवा मृत्यू १०.१ टक्के, हस्तक्षेप केलेल्यांत ३०.७ टक्के. चाचणी मध्येच थांबवली गेली. सर्जनांचा आक्षेप असा, की धोका जन्मभराचा आणि तुम्ही पाहिलीत जेमतेम तीन वर्षं. आणि शस्त्रक्रिया, गॅमा नाइफ, एम्बोलायझेशन सगळं एकाच टोपलीत घातलंत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पंचविशीतल्या मुलीला आणि सत्तरीतल्या आजोबांना एकच उत्तर असूच शकत नाही, एवढं मला या वादातून कळतं. कॅव्हर्नोमाचे आकडे जास्त बोलके आहेत. २०१६ मध्ये सोळाशेहून अधिक रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या देठाबाहेरचा, कधी न फुटलेला कॅव्हर्नोमा असेल तर पाच वर्षांत रक्तस्रावाची शक्यता ३.८ टक्के, देठातला आणि एकदा फुटलेला असेल तर ३०.८. दोघांच्या रिपोर्टावर शब्द मात्र एकच छापलेला असतो.

म्हणून आमच्या धंद्यातल्या लोकांना एक सांगणं. 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' ही ओळ लिहून हात झटकू नका. दिसलं ते कुठे आहे, फुटल्याची खूण आहे की नाही, आणि पुढे काय करायचं किंवा करायचं नाही, हे दोन वाक्यांत लिहा. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' न लिहिता 'झटके आहेत, एसडब्ल्यूआय आणि फेज पाहिजे' एवढं लिहिलं, तर ती चार मिनिटं कुणी वाचवणार नाही.

आणि घरच्यांना. फिल्मवर शेकडो चित्रांपैकी निवडक छापलेली असतात. सगळी चित्रं सीडीत असतात. ती मागून घ्या, कॉम्प्युटरवर उघडून एकदा पाहा, आणि दुसरी प्रत करून ठेवा. फिल्म गादीखाली घडी करून ठेवू नका, कपाटात उभी ठेवा, पिशवीवर तारीख आणि नाव लिहा. पूर्वी डोक्याचं ऑपरेशन होऊन क्लिप बसवलेली असेल किंवा पेसमेकर असेल, तर त्याचा कागदही त्याच पिशवीत हवा. ठिपका तेवढाच आहे की वाढला, हे जुन्या चित्राशेजारी नवं ठेवल्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही. पुढच्या वेळी येताना ती पिशवी घेऊन या.